पाणसळ

मार्गशीर्षात आली त्यांची गाडी.
टेंपो ट्रॅव्हलर, आतून घर केलेली,
टपावर दोन गाद्या, एक सायकल.
करावे गावाच्या वेशीला म्हातारा विचारत होता,
समुद्र कुठे?
मी हाताने दाखवला.
ओहोटी होती. तो बघत राहिला
चिखलाकडे, तिवरांकडे, रुतलेल्या एका चपलेकडे.
हा? म्हणाला.
मला राग आला. सहा तासांनी या, म्हटलं.

उनियाल नाव. टिहरीच्या वरचं गाव.
चौतीस वर्षं सर्व्हेत, नकाशांवर उंच्या लिहिण्यात गेली:
ही धार दोन हजार एकशे बारा,
ती खिंड तीन हजार सहाशे,
सगळं समुद्रसपाटीपासून.
आणि समुद्राकडे निघाले निवृत्तीनंतर,
बाईंच्या गुडघ्यांना बर्फ सोसेना तेव्हा.
'शून्य कसं दिसतं ते बघू म्हटलं.'

मग जागा निवडणं आलं.
पामबीचच्या कडेला पोलीस उठवतात.
नेरुळच्या जेट्टीवर रात्री बाइकवाली पोरं.
दिवाळ्याला ऐसपैस, पण सुकटीच्या वासाने
बिमलाबाईंचा पदर नाकावर गेला तो गेलाच.
प्रत्येक ठिकाणी उनियाल गाडीच्या फरशीवर पाणसळ ठेवायचे,
पितळी, वीतभर,
आणि बुडबुडा थांबेपर्यंत बोलायचे नाहीत.
बाई खाली उतरून वेगळंच मोजत.
'रात्री ह्यांच्या छातीत दुखलं
तर इथे किती दारं वाजवता येतील?'
रतलामला वाजवावं लागलं होतं.
एकच होतं. उशिरा उघडलं.

माझा तुकडा त्यांना चालला.
साडेबारा टक्क्यांतला. आंबा, नळ, उपडी घातलेली होडी,
आणि सात दारं. बाईंनी नावं विचारून घेतली.
मी महावितरणात मीटर वाचायचो.
खिडकीतून वायर दिली, सब-मीटर लावला.
पहिल्या महिन्यात एक्केचाळीस युनिट:
आमची कुसुम स्वेटर घालून अंगणात,
आणि ह्या गाडीत पंखा लावून.
पैसे घेतले. युनिटचे घ्यायचेच असतात.

भरती आली की उनियाल खुर्ची बाहेर काढत.
कधी काही बोलले नाहीत तिच्याबद्दल.
वहीत मात्र वेळ लिहीत.
आणि माघात एका दुपारी बिमलाबाईच कुसुमला म्हणाल्या,
आज सुकट नाही भाजली?

फेब्रुवारीच्या शेवटी बुडबुडा सरकला. केसभर.
उनियाल ओणवे होऊन बघत राहिले.
'जमीन बसतेय.'
बसणारच, मी म्हटलं. वर सिडकोचा भराव,
खाली आजोबांचं मिठागर.
मीठ अजून विरघळत असेल.
त्यांनी मागच्या चाकाखाली फळीचा तुकडा सारला.
'तुमच्या शून्याचंही काही खरं नाही, तांडेल,'
म्हणाले, आणि हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

शिमग्याआधी गेले.

यंदा तुकड्याभोवती निळे पत्रे आहेत.
मुलाने कागद पुढे केला, सही माझीच,
कुणी हात धरला नव्हता.
आंबा गेला. होडी मेहुण्याने नेली.
फळी तेवढी अजून तिथेच असेल, पत्र्याच्या आत.

त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी फोन.
बिमलाबाई. मागे वारा, भांडी, कुणीतरी खोकतंय.
'जागा आहे ना?'
या, म्हटलं.
तोंडातून निघून गेलं.

तेव्हापासून संध्याकाळी निघतो.
पिशवीत स्टीलचा पेला, पाण्याची बाटली.
खाडीच्या कडेने जिथे गाडी शिरेल तिथे
पेला जमिनीवर ठेवतो, काठोकाठ भरतो,
कुठल्या बाजूने सांडतं ते बघतो.
गुडघे कुरकुरतात. लोक बघतात.
कुसुमला वाटतं मी पाय मोकळे करायला जातो.

काल सारसोळ्याला अंधार पडला.
पाणी सांडलं नाही.
मी ओणवाच होतो, मागे कडी वाजली,
एका म्हातारीचा आवाज:
कोन हाय रं तिकरं?

मी मोजलं.
एक.